भिंत, दिवा आणि कातडी

मावशी: अपमानावर केलेल्या चित्राचे पडदे शिवायचे, हे मला पटत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे.

मी: पडदे कोण शिवतंय?

मावशी: तू नाही शिवलेस तर तुझ्या मागून येणारा शिवेल. तुमच्या घरसजावटीला काहीही पचतं. वारली चित्रांचं काय झालं बघ. लग्नाच्या चौकातून उठली आणि हॉटेलच्या चहाच्या कपावर जाऊन बसली.

मावशीची हयात चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना कलेचा इतिहास शिकवण्यात गेली. मी दुबईत लोकांची घरं सजवते. सध्या माझ्याकडे एका फिलिपिनो कुटुंबाचा फ्लॅट आहे. आई निवृत्तीला आलेली परिचारिका, मुलगी इथेच वाढलेली. फिलिपिनो लोकांमधल्या गोऱ्या-काळ्याच्या भेदावर आजचे कलावंत जे काम करतात, त्याचा धागा धरून हॉल करायचा, अशी मुलीची मागणी आहे. नेमकी मावशी माझ्याकडे राहायला आलेली, त्यामुळे नकाशे टेबलावर पसरले की वाद ठरलेला.

हा भेद मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. लग्नाच्या जाहिरातींत ‘गोरी, सुस्वरूप’ वाचतच आपण मोठे झालो. तिकडे फिलिपिन्समध्ये रंग उजळवणारा पपईचा साबण आहे, पारा मिसळलेली क्रीमं आहेत, आणि शिरेतून घेण्याची ग्लुटाथिओनची इंजेक्शनं आहेत. या इंजेक्शनाला तिथल्या औषध प्रशासनाची मान्यता आहे ती कर्करोगावरच्या एका औषधाला जोड म्हणून. रंग उजळायला ते वापरू नका, असे इशारे देऊनही ते घेतलं जातं. तीनशेहून अधिक वर्षं स्पेनचं राज्य, त्यावर जवळजवळ अर्धं शतक अमेरिकेचं. मेस्तिसा, म्हणजे मिश्र रक्ताची उजळ मुलगी, सिनेमाच्या पडद्यावर आणि मोरेना, म्हणजे सावळी, तिची मोलकरीण, अशी वाटणी तिथे बराच काळ चालली.

मी: तू स्टेफनी सिहूकोचं काम पाहिलंस का? १९७४ साली मनिलात जन्मली, लहानपणीच अमेरिकेत गेली, आता बर्कलीला शिकवते.

मावशी: पाहिलं. म्हणून तर बोलतेय. १९०४ साली सेंट लुईसच्या जत्रेत अमेरिकेने अकराशेहून जास्त फिलिपिनो माणसं आणून बसवली होती. सत्तेचाळीस एकरांचं आवार. नेग्रितो, इगोरोत, मोरो, विसायन असे वेगवेगळे गट, आणि कोण किती ‘सुधारलेला’ याची उतरंड. लोक तिकीट काढून बघायला यायचे. त्यांचे फोटो अजून संग्रहात आहेत. २०१९ मध्ये या बाईने त्या फोटोंवर स्वतःचे हात ठेवले, चेहरे झाकले आणि पुन्हा फोटो काढले. हात का ठेवले? बघू नका म्हणून. आणि तू ते सोफ्याच्या मागे लावणार. मग पुन्हा तिकीट काढल्यासारखंच झालं की.

मी: ते मी लावणार नाहीये. मुलीच्या यादीत ते पहिलं होतं. मीच तिला नको म्हटलं.

मावशी: बरं केलंस. आणि तिची ती दुसरी मालिका? काळ्या-पांढऱ्या नक्षीच्या कपड्यांची?

मी: ‘कार्गो कल्ट्स’.

मावशी: तीच. अमेरिकन मॉलमधून ‘एथनिक’ नक्षीचे स्वस्त कपडे आणले, ते गुंडाळून आदिवासी बाईसारखी बसली, किमतीच्या चिठ्ठ्या लटकत ठेवून फोटो काढले, आणि कपडे दुकानात परत देऊन पैसे वसूल केले. तिची थट्टा नेमकी कुणावर आहे? तुमच्यावर. दुकानातली नक्षी आणून ‘संस्कृती’ म्हणणाऱ्यांवर. त्या मालिकेवरून उशांचे अभ्रे काढलेस तर तिच्या फोटोतली पुढची चिठ्ठी तुझ्या उशीला लटकेल.

मला इथे हसू आलं, कारण तसे अभ्रे सुचवणारा एक पुरवठादार आदल्याच आठवड्यात येऊन गेला होता.

मी: मावशी, मला चित्रं नकोतच. तिचं २०१६ चं एक काम आहे, ‘न्यूट्रल कॅलिब्रेशन स्टडीज’. एका चौथऱ्यावर लाकडात कापलेली चित्रं, कुंड्या, जुन्या बाजारातून आणलेल्या वस्तू, फोटोग्राफर वापरतात ते रंगजुळणीचे तक्ते, आणि राखाडी रंग. तटस्थ राखाडी. छायाचित्रकार ज्याला प्रमाण मानतो तो. ते बघताना मला माझा धंदा दिसला. आम्ही रोज म्हणतो ना, भिंतीला न्यूट्रल शेड घ्या. कुणाच्या मानाने न्यूट्रल? हे आम्ही कधी विचारतच नाही.

मावशी: हं. हे जरा बरं बोललीस.

मी: मग आता फर्निचरची गोष्ट ऐक. कोडॅकच्या रंगीत फिल्मची जुळणी एका गोऱ्या बाईच्या फोटोवरून व्हायची. शर्ली कार्ड म्हणायचे त्याला. प्रयोगशाळेत तिचा चेहरा नीट उमटला की यंत्र नीट. एकाच फोटोत गोरं आणि काळं पोर असलं, की काळ्याचे फक्त डोळे आणि दात दिसायचे. आयांनी तक्रारी केल्या असतील, त्यांना कोण विचारतं? पण पुढे लाकडी फर्निचरवाल्यांनी तक्रार केली. जाहिरातीत गडद लाकूड आणि फिकं लाकूड वेगळं दिसत नाही म्हणाले. चॉकलेटवाल्यांनी केली, डार्क आणि मिल्क ओळखू येत नाही म्हणून. तेव्हा कुठे तपकिरी रंगांच्या छटा पकडणारी फिल्म आली. लॉर्ना रॉथ नावाच्या कॅनडातल्या अभ्यासिकेने हे खणून काढलंय.

मावशी: म्हणजे माणसाच्या आधी कपाटाला न्याय मिळाला.

मी: आणि मी कपाटंच विकते.

हे बोलणं हसण्यावारी गेलं, पण माझ्या मते सगळ्या वादाची खुंटी इथेच आहे. तपकिरी रंग दिसावा यासाठी तंत्र बदलता येतं, फक्त कुणाच्या तरी पैशाला धक्का बसावा लागतो. घरसजावट ही अशा सरावलेल्या तंत्रांचीच बनलेली असते: दिवे, रंग, आरसे, भिंतींची चमक. भेदभावाविषयीची कला या धंद्याला शिकवू शकते ती एवढ्यापुरतीच.

मावशी: पण पांढऱ्या भिंतीचं पाप फोटोवाल्यांवर ढकलू नकोस. ते आमच्या कलेच्या इतिहासातलं आहे. १९१० च्या सुमारास व्हिएन्नात आडोल्फ लोसने अलंकरणाला गुन्हा ठरवलं. दाखला कसला दिला? पापुआतल्या माणसाच्या गोंदणाचा. गोंदवणारा तो मागास, आणि साध्या गुळगुळीत भिंतीत राहणारा सुधारलेला. १९२५ मध्ये ल कोर्बुझिएने लिहिलं की प्रत्येकाने घर पांढऱ्या रंगाने धुऊन काढावं, म्हणजे मनही स्वच्छ होईल. त्याच कोर्बुझिएने पुढे चंदीगड बांधलं, तेव्हा काँक्रीट मात्र उघडं ठेवलं! ते असो. आर्ट गॅलरीची पांढरी भिंत याच वंशातली. म्हणून सिहूकोच्या त्या राखाडी कामाच्या नावात कंसात ‘ऑर्नमेंट’ आणि ‘क्राइम’ आहे. लोसला मारलेली कोपरखळी आहे ती.

मी: मग तू माझ्याच बाजूने बोलतेयस.

मावशी: मी इतिहासाच्या बाजूने बोलतेय. आणि इतिहास तुझ्या सोयीचा नाही. तुला वाटतं गोरेपणाचं वेड स्पॅनिश जहाजातून उतरलं. फिलिपिन्समधल्या पनाय बेटाच्या डोंगराळ भागातल्या बिनुकोत ठाऊक आहेत?

मी: घरात लपवून वाढवलेल्या मुली.

मावशी: उन्हात जाऊ द्यायचं नाही, जमिनीला पाय लागू द्यायचा नाही, परक्या पुरुषाने बघायचं नाही. लहानपणापासून खोलीत. कातडी उजळ राहते, आणि वधूची किंमत वाढते. ही प्रथा चर्च यायच्या आधीची मानली जाते.

मी: हे तर मला हवंच आहे! तू म्हणतेस कलेला घरात आणू नको. अगं, हा भेद घरातच घडला. खोली हेच गोरं करण्याचं पहिलं यंत्र होतं. क्रीम नंतर आलं.

मावशी: पण त्याच खोलीत बसून त्या मुलींनी हजारो ओळींची महाकाव्यं पाठ केली. आजोबा-आजीकडून ऐकून, रात्ररात्र गाऊन. ती टिकली ती त्यांच्यामुळे. म्हणून खोलीला सरसकट तुरुंग म्हणून मोकळं होऊ नकोस.

या मुद्द्यावर मला उत्तर नव्हतं, आणि अजूनही नाही. सावली ही शिक्षाही असते आणि उसंतही.

मी: आणि स्पॅनिशांनी काही आणलंच नाही असंही नाही. श्रीमंतांच्या घरातल्या देव्हाऱ्यातले संत बघ. अंग लाकडाचं, पण तोंड आणि हात हस्तिदंताचे. मनिलात चिनी कारागीर कोरायचे ते. रोज संध्याकाळी पोरं ज्याच्यापुढे गुडघे टेकतात त्याचा चेहरा हत्तीच्या दातासारखा पांढरा. शाळेत वेगळं शिकवायची गरज काय?

मावशी: गोव्यात काय वेगळं होतं? तिथेही हस्तिदंताचे येशू आणि मारिया कोरायचेच की. आणि ते जाऊ दे, फिलिपिन्समधल्या जुन्या घरांच्या खिडक्या नि गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्या जुळ्या बहिणी आहेत. काचेऐवजी शिंपल्याची चौकोनी तावदानं. एकाच जातीचा शिंपला, प्लाकुना. मी जुन्या गोव्यात पहिल्यांदा तो उजेड पाहिला, तेव्हा कुणीतरी दूध गाळतंय असं वाटलं होतं.

मी: तो शिंपला या घरात येणार आहे. कापिझ म्हणतात त्याला. दुबईचं ऊन थेट आत घेणं शक्यच नाही, आणि काचेवर काळी फिल्म चिकटवली की घर इस्पितळासारखं दिसतं. पश्चिमेच्या खिडकीला कापिझची सरकती चौकट.

मावशी: म्हणजे पुन्हा ऊन अडवायचं!

मी: ऊन अडवायचं, रंग नाही. दोन्हीत फरक करता आला नाही तर मी हे काम सोडून द्यावं.

यानंतर मी तिला माझं खरं काम दाखवलं. त्यात एकही मुखवटा नाही, भाले-ढाली नाहीत, आणि परदेशातल्या कितीतरी फिलिपिनो घरांत जेवणाच्या टेबलामागे दिसतो तो भलामोठा लाकडी चमचा-काटाही नाही. (मुलीच्या आईला तो हवा आहे. त्यावर वेगळी बोलणी सुरू आहेत.)

पहिलं म्हणजे दिवे. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा एक निर्देशांक असतो, सीआरआय. खोक्यावर छापतात तो आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो, आणि त्यात कातडीचा एकही नमुना नाही. ज्यादा नमुन्यांत तेरावा आहे तो गोऱ्या युरोपीय कातडीचा, आणि जपानने पुढे पंधरावा जोडला तो आशियाई, म्हणजे जपानी कातडीचा. तपकिरी कातडी या मोजपट्टीत कुठेच बसत नाही. त्यातल्या त्यात नववा नमुना, गडद लाल, आपल्या कामाचा: सावळ्या कातडीतला लाल जिवंतपणा त्याच्यावर अवलंबून असतो. स्वस्त निळसर एलईडीत हाच लाल मरतो आणि माणूस राखेने माखल्यासारखा दिसतो. मग तो आरशात बघतो आणि साबण बदलतो.

मावशी: हे तू आत्ता रचलंस का?

मी: शेवटचं वाक्य माझं. बाकी दिवे बनवणाऱ्यांच्या तक्त्यात आहे, वाच.

दुसरं म्हणजे व्हिडिओ कॉलची भिंत. हे कुटुंब फिलिपिन्समध्ये इलोइलोतल्या नातेवाइकांशी रोज बोलतं, सोफ्याच्या एकाच कोपऱ्यात बसून. पाठीमागे सध्या चकचकीत पांढरी भिंत आहे. फोनचा कॅमेरा समोरच्या चौकटीतला उजेड सरासरीने राखाडीकडे ओढतो. मागे पांढरं मोठं असलं की तो सगळं काळवंडवतो, त्यात चेहरा आधी बुडतो. मग मावशा-आत्या पलीकडून म्हणतात, किती काळी झालीस! आणि इकडून उजळवणारा फिल्टर लागतो. त्या कोपऱ्याला मी मध्यम खोलीचा, निळसर हिरवा, चमक नसलेला रंग योजला आहे. फिल्टरची गरज निम्म्याने तरी संपेल, हा माझा अंदाज.

तिसरं, शेड कार्ड निवडताना आम्ही एरवी ते पांढऱ्या कागदावर ठेवतो. इथे मायलेकींना बाह्या वर करून हात टेबलावर ठेवायला सांगितलं आणि नमुने त्यांच्या कातडीशेजारी ठेवले. आईला मजा वाटली. चार शेड तिथेच बाद झाल्या, त्यात माझी आवडती बदामीही गेली.

लाकूड गडद: तिकडचं काळसर कामागोंग परवडणार नव्हतं, म्हणून त्याच्या जवळ जाणारा विनियर. आणि कापड मात्र मी मुद्दाम पासिता आबादच्या वाटेने नेलं.

मावशी: ती फिलिपिन्समधल्या बातानेसची. १९४६ चा जन्म. कापडात कापूस भरून, टाके घालून, आरसे, कवड्या, बटणं लावून भिंतीएवढी चित्रं करायची. तिने १९९२ मध्ये न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता रंगवली ती तपकिरी कातडीची. नाव ठेवलं ‘एल. ए. लिबर्टी’. पण ते स्थलांतरितांवरचं चित्र आहे, गोरेपणाच्या साबणावरचं नाही. तुम्ही लोक सगळं एका पिशवीत भरता.

मी: मान्य. मी तिचं चित्र घेतलं नाही. एवढंच घेतलं, की कापड चौकटीत कोंडायचं नाही, लोंबू द्यायचं. अबाकाच्या, म्हणजे तिकडच्या केळीच्या धाग्याच्या, विणलेल्या पट्ट्या, टाके दिसतील असे. भारी रंगाची भीती बाळगायची नाही. स्वतः तिने सिंगापूरचा आख्खा पूल रंगवला होता, आल्काफचा.

मावशी: आता माझं शेवटचं ऐक. हे सगळं छान आहे. पण कॅटलॉग उघड, सगळीकडे मातकट, टेराकोटा, कॉफी, दालचिनी. तपकिरी ही या हंगामाची फॅशन आहे. उद्या जाईल. आणि ती परवडते कुणाला? ज्याला आपल्या रंगाची भीती उरली नाही त्याला. तुझी क्लायंट मुलगी शिकलेली, वातानुकूलित ऑफिसात बसणारी. तिला मोरेना असणं मिरवता येतं. आईला विचारलंस?

मी: आईला पांढरी भिंत हवी आहे.

मावशी: का?

मी: ती म्हणाली, लहानपणी आमच्या घराला रंगच नव्हता. बांबूच्या भिंती, धुराने काळ्या. आई-वडील शेतात. उन्हात राबणारा काळा आणि सावलीत बसणारा गोरा, हे तिने कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. पांढरी भिंत म्हणजे तिच्यासाठी पक्कं घर. धुता येणारं.

मावशी: मग? तू तिला सांगणार, बाई, तुझी इच्छा वसाहतवादी आहे?

मी: नाही ना सांगता आलं.

मावशी: येऊही नये. तुझ्या या सगळ्या कलेत हीच एक गोष्ट मला कुठे दिसत नाही. पांढऱ्याची हाव नेहमी स्वतःची लाज म्हणूनच दाखवतात. कधी ती नुसती दमलेल्या माणसाची सावलीची हाव असते. आपल्याकडे नाही का, चुन्याने पोतारलेलं घर म्हणजे सणाचं घर?

मी: पण त्याच आईने मुलीला लहानपणी उन्हात खेळू दिलं नाही, मावशी. सुट्टीत बीचवर छत्री धरून उभी राहायची. मुलगी ते विसरलेली नाही. दमलेल्या माणसाची हाव पुढच्या पिढीवर लाजेसारखीच येऊन पडते.

मावशी गप्प बसली, पण पटलं म्हणून नव्हे. चष्मा पुसत ती नकाशात काहीतरी शोधत होती.

मावशी: देव कुठे आहेत यांचे?

तिने बरोबर दुखरी जागा पकडली. आईकडे दोन मूर्ती आहेत. एक सान्तो निन्यो, बाळ येशू, गुलाबी गालांचा. दुसरी मनिलातल्या कियापोच्या काळ्या नाझरेनची, म्हणजे काळ्या ख्रिस्ताची, प्रतिकृती. मूळ मूर्ती सतराव्या शतकाच्या आरंभी मेक्सिकोहून जहाजाने मनिलाला आली. क्रूस वाहणारा काळ्या लाकडाचा ख्रिस्त. नऊ जानेवारीला त्याच्या मिरवणुकीत लाखो लोक अनवाणी लोटतात, दोराला हात लागावा म्हणून चेंगरतात, आणि त्यांतले कितीतरी घरी जाऊन उजळवणाऱ्या साबणाने तोंड धुतात.

मावशी: आपला विठोबा तरी काय वेगळा? काळा म्हणून ओवाळायचा, आणि सून गोरी शोधायची. देवाच्या काळेपणाने माणसाचं काही भलं होत नाही, हे आपण कधीच सिद्ध केलंय.

मी: भलं राहू दे, मला आधी दिवा बसवायचा आहे. दोन्ही मूर्ती एकाच फळीवर हव्यात. वरून एकच दिवा टाकला तर बाळाचे गाल पांढरेफटक होतात आणि नाझरेनचा चेहरा दिसतच नाही. उजेड कमी केला की दोघेही अंधारात.

मावशी: दोघांना दोन दिवे दे.

मी: मुलगीही तेच म्हणाली. आई नाही म्हणते. एकाच घरात राहतात, एकाच दिव्यात दिसायला हवेत म्हणते.

मावशी: मग तुला तिरका टाकावा लागेल. काळ्याच्या बाजूने, जवळून. लाकडाच्या कडांवर उजेड घसरला की आकार उठतो. गोऱ्याला उरलेला पुरतो, त्याला फार लागत नाही. शिल्पाचे फोटो काढताना आम्ही तसंच करायचो.

मी: फळीच्या डाव्या बाजूला तुळई आहे. तिथे वायर नेता येणार नाही.

मावशी: मग फळी हलव. भिंतीला पांढरा द्यायचा की हिरवा ते नंतर ठरवा तुम्ही. कागद दे इकडे, तुळई किती खाली आहे ते दाखव.